झोपेपुरती जागा

लाखनीचा बाजार होता. शालू नान्हे दुपारी आली,
वांग्यांच्या पिशवीत लॅपटॉप, लॅपटॉपवर वांगी.
मच्छीमार संस्थेचा आहे, म्हणाली, डिस्क भरली.
नवी डिस्क घेतली आहे, रीतसर ठराव करून.
ठरावाची झेरॉक्सही आणली होती,
जणू मी ती मागणारच होतो.

अकरा वर्षांचं यंत्र. बॅटरी कधीचीच गेलेली,
तारेवर जगणारं. आणि तार आमच्याकडे
दिवसातून दोनदा मरते, वेळापत्रक लावून.
म्हणून तिनं त्याला झोपायची सवय लावली होती:
लाईन जायच्या पाच मिनिटं आधी झाकण,
मग बारका दिवा विझेपर्यंत थांबायचं.
डोक्यातलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवतं
आणि पडून राहतं, आठवडाभरसुद्धा.

मी पेचकस उचलला.
"थांबा जी, झोपून हाये थो. आंधी उठवा."

बरोबर होतं तिचं. झोपेतल्याची डिस्क काढू नये.
हे मला कळलं तेव्हा
एका मास्तरांची सहामाही हजेरी गेली होती.

उठवला. बराच वेळ कुरकुरला,
मग थांबला होता तिथंच उघडला, बोड्यांचा तक्ता:
उमरटोल्याची बोडी. गवत लावलं. बोटरी दिसली.
आणि शेवटच्या चौकटीत नुसतं "दा",
पुढं रेघ लुकलुकत.
तिनं वाकून एका बोटानं "डक" लिहिलं,
पुढं एक प्रश्नचिन्ह टाकलं, जतन केलं,
पूर्ण बंद केला.
आता काढा, म्हणाली.

स्क्रू बाटलीच्या झाकणात.
एका तारेला जुनी डिस्क, दुसरीला नवी,
आणि मधे मी, टक्के मोजत.
एकसष्टवर लाईन गेली.
वेळापत्रकाबाहेरची. पुन्हा पहिल्यापासून.
ती समोरच्या दुकानात जाळ्याच्या दोऱ्याचा भाव करत राहिली
आणि न घेताच परत आली.

दिवेलागणीला सुरू झाला. जागा तिप्पट.
फोटो सगळे, तक्ते सगळे, पाच वर्षांची इतिवृत्तं.
पण झाकण लावलं की डोळा मिटायचा
आणि लगेच टक्क उघडायचा.
तीनदा, चारदा.
मग ध्यानात आलं. जुन्या डिस्कच्या टोकाला
एक पट्टा होता, ना नाव, ना फाईल.
रिकामा समजून मी तो घेतलाच नव्हता.
तिथंच तो निजायचा.

हे सांगितलं तर ती हसायला लागली.
"आमच्या बोडीचं बी असंच केलं ना जी.
जेसीबी आनली, गाळ सारा उचलून वावरात टाकला.
पानी तिप्पट. फोटो काढून गेले सायेब.
पन दाडक झोपन कुठी?
थे तं गाळातच रायते उन्हाळाभर."

पुस्तकात याला शीतनिद्रा म्हणतात.
शीत कसलं? आमच्याकडं थंडीत सगळे जागे,
रोवण्यापासून मळणीपर्यंत.
निजायचं ते मे महिन्यात, पारा सेहेचाळीसला,
चिखलाच्या वीतभर खाली, तोंडाशी एक भोक ठेवून.

नव्या डिस्कच्या टोकाला आठ जीबी मोकळे सोडले.
भोवती बांध घातला, कोणी तिथं फोटो टाकू नये म्हणून.
झाकण लावलं. दिवा विझला.
तार तिनंच उपसली, जरा जोरातच,
आणि म्हणाली, चहा पिऊ, घाई नको.

चहा झाला. तार लावली.
काळ्या पडद्यात आधी आम्ही दोघं दिसलो,
मग उमरटोला, गवत, बोटरी,
दाडक, आणि ते प्रश्नचिन्ह.

पैसे मोजून दिले, पावती घेतली.
जुनी डिस्क मात्र माझ्याकडं ठेवली नाही.
ठरावाच्या झेरॉक्समध्ये गुंडाळली,
पिशवीच्या तळाशी घातली, वर वांगी.